स्वतःची मजुरी कुठे लिहायची? सोलापूरच्या विडी वस्तीतलं एक प्रकरण

सोलापूरच्या पूर्वभागात घरातली बाई विड्या वळते आणि पुरुष यंत्रमागावर जातो, अशी घरं गल्लोगल्ली आहेत. माग बंद पडला की घर विड्या वळायच्या एका सुपावर येतं. पत्र्याच्या मापाने तेंदूची पानं कापायची, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा, पंचवीस विड्यांचा कट्टा बांधायचा आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात माल द्यायचा. तिथे तपासणीत जी विडी बाजूला पडते ती छाट. छाटीचे पैसे मिळत नाहीत, पान-तंबाखू मात्र खर्ची पडलेली असते. पुढे एका निर्णयात ही छाट पुन्हा येणार आहे.

प्रकरण अशाच एका बाईंचं आहे. वस्ती त्यांना अक्का म्हणते, इथेही तेच म्हणू. अक्का म्हणजे एकच एक व्यक्ती नव्हे. या वाटेने गेलेल्या बायकांच्या परिस्थितीवरून प्रकरण रचलं आहे आणि हिशोब डोक्यात बसावा म्हणून आकडे गोल ठेवले आहेत. कायदे, योजना आणि जागा खऱ्या आहेत.

अक्कांचं घर कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत. विडी कामगार बायकांसाठी उभ्या राहिलेल्या या वसाहतीतली दहा हजार घरं २००६ मध्ये लोकांच्या ताब्यात गेली. डोक्यावर छप्पर आलं म्हणून वाटचालीतला निम्मा भार हलका झाला, हे आधी नोंदवायला हवं. भाड्याच्या खोलीत राहणारी बाई दोन पोती ज्वारी ठेवणार कुठे? नवऱ्याचा कारखाना बंद झाला तेव्हा अक्कांनी विड्या सोडल्या नाहीत. दुपारनंतर कडक भाकरी करून नवी पेठेतल्या दोन दुकानांना द्यायला सुरुवात केली.

पहिला हिशोब आणि त्यातली भोकं

मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मालदांडी ज्वारी, शेंगा चटणी आणि कडक भाकरी हे सोलापूरचं नाव बाहेर विकलं जातं. मागणीची अडचण नव्हती. दहा भाकऱ्यांचं पाकीट दुकानदार ५० रुपयांना उचलत होता. शंभर भाकऱ्यांचा अक्कांचा तोंडी हिशोब असा: सव्वाचार किलोच्या आसपास ज्वारी, निवडून चार किलो पीठ, १८९ रुपये. दळण २४. पाकिटं ५०. एकूण २६३. विक्री ५००. म्हणजे २३७ रुपये सुटले.

वर्षभर असे पैसे ‘सुटत’ होते आणि घरात उधारी वाढत होती. बचत गटाच्या बैठकीत वही मांडली तेव्हा तीन भोकं दिसली. गॅस घरच्याच सिलिंडरवर चालत होता, म्हणून तो घरखर्चात जात होता. मंद आचेवर भाकरी वाळवायला दोन शेगड्या साडेतीन तास चालतात, त्यात सव्वा किलोच्या जवळपास गॅस जातो. व्यावसायिक सिलिंडरच्या दराने ते ११० रुपये. दुसरं भोक तुटीचं. शंभरातल्या आठ भाकऱ्या तव्यापासून दुकानाच्या काउंटरपर्यंत पोचेस्तोवर मोडायच्या, दुकानदार त्या परत करायचा, म्हणजे विक्री ९२ भाकऱ्यांची, ४६० रुपयांची. आणि तिसरं, सगळ्यात मोठं भोक अक्कांची स्वतःची मजुरी. पाच तास चुलीसमोर बसणाऱ्या बाईला भाकरीमागे दोन रुपये तरी धरायला हवेत, म्हणजे २००.

खरा खर्च ५७३, हाती आले ४६०. दर शंभर भाकऱ्यांमागे ११३ रुपये अक्का पदरचे घालत होत्या, आणि ते त्यांच्या श्रमातून जात असल्यामुळे कुणाला दिसत नव्हते. गरिबीतून वर येणाऱ्या बाईच्या धंद्यात ही गोष्ट आम्हाला सर्वांत घातक वाटते. भांडवल नसल्याची बोंब सगळे मारतात, पण दर चुकला असेल तर भांडवल येऊन फक्त तोटा मोठा करतं.

दर वाढवायला अक्का कचरत होत्या. दुकानदाराशी झालेलं बोलणं एवढंच:

“दादा, पुढच्या खेपेपासून पाकीट ऐंशीला.”

“अक्का, एकदम तीस? गिऱ्हाईक घेईल का?”

“तुम्ही शंभराला विका. मोडकी निघाली तर बदलून देते, पैसे कापू नका.”

एका दुकानाने माल बंद केला, दुसऱ्याने चालू ठेवला, आणि सात रस्त्याकडचं तिसरं जोडलं गेलं. गिऱ्हाइकाला सोलापूरहून पुण्या-मुंबईला न्यायची भाकरी अख्खी हवी असते; त्यासाठी तो दहा-वीस रुपये जास्त देतो.

भाकरी का मोडते

अख्खी देण्याचं कबूल केलं, पण करायचं कसं? त्यासाठी भाकरी का मोडते ते बघावं लागलं. मोडलेली भाकरी हातात घेऊन कड बघितली तर कारण कळतं. मध्ये पातळ आणि कडेला जाड असेल तर थापणं चुकलंय. मधला भाग आधी वाळतो, कड ओलसर राहते आणि थंड होताना दोन्हींच्या मध्ये तडा जातो. पापुद्रा सुटून आलेला असेल तर भाकरी फुगू दिलीय. खायच्या भाकरीला फुगणं हा गुण, कडक भाकरीला दोष. तव्यावर कापडाच्या बोळ्याने दाबत भाजावं लागतं. आणि मोडताना पिठाळ भुगा पडला तर पीठ जुनं आहे. दळून आठ-दहा दिवस झालेल्या पिठाची विरी जाते, मग कितीही मळलं तरी ते धरत नाही. म्हणून दळण आठवड्यातून दोनदा, लागेल तेवढंच. पाणी उकळतं घालून पीठ झाकून ठेवायचं आणि हाताला सोसेल तेव्हा मळायचं.

सर्वांत जास्त नुकसान गरम भाकऱ्या एकावर एक रचल्याने होत होतं. आतली वाफ खालच्या भाकरीत शिरते, ती वरून कडक दिसते आणि पाकिटात गेल्यावर मऊ पडते. पावसाळ्यात तर चार दिवसांत बुरशी. उपाय साधा, पण जागा खाणारा: तव्यावरून उतरलेली भाकरी जाळीवर उभी करायची, मंद आचेच्या उबेत पुरती वाळू द्यायची, नंतर सुती कापडावर पंख्याखाली दोन तास, आणि कानाजवळ धरून टिचकी मारल्यावर खणखणीत आवाज आला तरच पाकिटात. पाकिटाच्या तळाशी आणि वर पुठ्ठ्याची चकती. एसटीच्या पार्सलने जाणाऱ्या मालाला खोकं सक्तीचं.

तूट आठवरून चारवर आली. शंभरातल्या ९६ भाकऱ्या आठ रुपयांनी, ७६८ रुपये, खर्च ५७३, उरले १९५. यातून रिक्षा, वीज, न खपलेला माल आणि पुढची वाढ. स्वतःची मजुरी आधीच बाजूला निघालेली. चुरा वेगळ्या पाकिटात स्वस्तात विकायचा, पुन्हा पिठात मिसळायचा नाही. तो मिसळला की नवा घाणा लवकर खवट होतो.

शेंगा चटणी दुसऱ्या वर्षी आली. तिच्यात पैसा जास्त, धोकाही जास्त. एक किलो भाजलेल्या शेंगदाण्याला साधारण शंभर ग्रॅम लसूण, पन्नास-साठ ग्रॅम तिखट, तीस ग्रॅम मीठ, दहा ग्रॅम जिरं. उखळात कुटली की तेल सुटून चटणी गोळा धरते. मिक्सर जास्त फिरवला तर ती तापते, चिकट होते आणि लवकर खवटते. लसणाची ओल राहिली तर टिकत नाही, म्हणून लसूण आधी वाळवून घ्यायचा. काळे, सुरकुतलेले, बुरशी धरलेले दाणे हाताने वेचून टाकायचे. त्या बुरशीतलं विष भाजून जात नाही, त्यामुळे इथे कंजुषी करायचीच नाही.

हप्ता आठवड्याचा, पैसा महिन्याचा

रोज दोनशे भाकऱ्यांवर धंदा आला तेव्हा २६ दिवसांच्या महिन्याला जवळपास ३० हजार रुपये मालात अडकू लागले, कारण दुकानं महिन्याच्या उधारीवर. वस्तीत खासगी फायनान्सचं कर्ज दारात मिळतं, हप्ता मात्र आठवड्याचा. पैसा महिन्याने येणार आणि हप्ता दर सोमवारी जाणार. या फरकातच बायका दुसरं कर्ज काढून पहिलं फेडतात. अक्कांनी दोन गोष्टी केल्या. सात दिवसांत पैसे देणाऱ्या दुकानाला पाकिटामागे दोन रुपये कमी लावले. तीनपैकी दोन दुकानं त्यावर आली. आणि गटातून दहा हजारांचं अंतर्गत कर्ज घेऊन वेळेत फेडलं, तेव्हा गटाला बँकेचं कर्ज मिळालं. रब्बी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. त्या हंगामात दहा क्विंटल एकदम घेतली, ४५ हजारांची. महिन्याला दोनशे किलोच्या वर लागते, म्हणजे जवळपास पाच महिन्यांची बेगमी. ती कडकडीत उन्हात वाळवून पत्र्याच्या कोठीत भरली. ओल राहिलेली ज्वारी पावसाळ्यात सोंड्यांनी पोखरली जाते.

कागदपत्रं याच काळात झाली. लहान उद्योगांची ‘उद्यम’ नोंदणी फुकट होते, त्यासाठी एजंटाला पैसे द्यायची गरज नाही. तेव्हाच्या नियमाने वर्षाला १२ लाखांच्या आतल्या उलाढालीला अन्न सुरक्षेची साधी नोंदणी पुरत होती, फी वर्षाला १०० रुपये. मिळालेला चौदा अंकी क्रमांक पाकिटावर छापला, सोबत वजन, किंमत, तारीख, घाण्याचा क्रमांक आणि हिरवा ठिपका.

बाया कामाला आल्या

शेजारच्या बाया विचारू लागल्या, “अक्का, आम्हाबी घ्या की.” पहिल्या चौघींना घेताना अक्कांनी एक प्रश्न विचारला, जो फार थोडे उद्योजक विचारतात: “फंड किती वर्षं कापला जातोय?” विडी कामगारांना भविष्य निर्वाह निधी लागू आहे, पण १९९५ च्या पेन्शन योजनेत मासिक पेन्शन मिळायला दहा वर्षांची नोकरी भरावी लागते. एकीची आठ वर्षं झाली होती. तिला अक्कांनी सांगितलं, विडी सोडू नकोस, इथे अर्धा दिवस ये. भाकरीच्या मजुरीसाठी तिने दोन वर्षं आधी विडी सोडली असती, तर म्हातारपणी महिन्याला येणारे पैसे हातचे गेले असते. माणसाचं भलं करायचं तर त्याच्या कागदात डोकावावं लागतं, ते हे असं.

दुसरा निर्णय मजुरीचा. नगावर मजुरी दिली की हात घाईने चालतो आणि तूट वाढते. हिशोबाने सोपा मार्ग होता, मोडलेल्या भाकरीचे पैसे कापायचे. अक्कांनी तो घेतला नाही, कारण ती छाटच झाली असती, आणि छाटीचा राग काय असतो ते तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं. थापलेल्या प्रत्येक भाकरीची मजुरी पूर्ण, आणि महिन्याची सरासरी तूट शंभरात चारच्या खाली राहिली तर सगळ्यांना मिळून बक्षीस. मग जुनी बाई नवीला शिकवू लागली, कारण नवीच्या मोडक्या भाकरीने सगळ्यांचं बक्षीस जात होतं. आमच्या मते अक्कांचं नेतृत्व इथे सुरू झालं, त्यांनी पुढे काढलेल्या संस्थेच्या नोंदणीच्या बरंच आधी.

एकाच खात्यातला गोंधळ

बारा बाया झाल्या, तशी त्यांची पोरंही येऊन बसू लागली. संध्याकाळी त्याच खोलीत अभ्यासिका सुरू झाली, मग डोळ्यांची तपासणी, मग शिलाईचं शिक्षण. एका कापड व्यापाऱ्याने शिलाई मशिनांसाठी ६० हजारांचा चेक दिला, तो अक्कांच्या नावाने, आणि तो धंद्याच्या खात्यात जमा झाला. फेब्रुवारीत ज्वारीचा भाव उतरला, हाती पैसे होते, अक्कांनी ज्वारी घेतली. मेपर्यंत पैसे परत आले, मशिनं आली, एक रुपयाही कुणी खाल्ला नाही. पण व्यापाऱ्याने मार्चअखेर पावती आणि खर्चाचा तपशील मागितला तेव्हा दाखवायला काही नव्हतं. बँकेने कर्जवाढीसाठी खातं पाहिलं, तर देणगी विक्रीसारखी दिसत होती. दोन्हीकडे विश्वास एकदमच डळमळला.

सोलापूरच काय, कुठेही अशा संस्था बुडतात त्या बहुतेक इथेच. पैसे खाल्ल्याने बुडणाऱ्या कमी. एका हाताने दोन कामं करणारा चांगला माणूस हिशोब वेगळे ठेवत नाही, आणि एक दिवस त्याला स्वतःचा प्रामाणिकपणा सिद्ध करता येत नाही.

पुढे काय करायचं याच्या चार वाटा होत्या. संस्था काढायचीच नाही, नफ्यातून जमेल तसं करायचं. यात देणगी घेता येत नाही. सगळा धंदा संस्थेत टाकायचा. मग धंद्यातलं घर-तारण, कर्ज, जोखीम सगळं विश्वस्तांच्या गळ्यात, शिवाय ‘सार्वजनिक उपयोगितेचं काम’ या सदरात बसणाऱ्या संस्थेची धंद्यातली जमा एकूण जमेच्या वीस टक्क्यांवर गेली की त्या वर्षीची आयकर सवलत जाते. कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली ना-नफा कंपनी काढायची. दरवर्षीचा कागद आणि त्याचा खर्च बारा बायांच्या उद्योगाला जड. शेवटची वाट दोन वेगळी घरं: धंदा अक्कांच्या नावावर, संस्था वेगळी.

अक्कांनी शेवटची धरली. संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली, त्याला किमान सात सभासद लागतात, आणि महाराष्ट्रात सोबतच १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात. सातांत घरातला एकच माणूस, त्या स्वतः. कामावरच्या तीन बाया, एक निवृत्त मुख्याध्यापक, एक डॉक्टर, एक हिशोबनीस. नवरा आणि जाऊबाईंची नावं घालायचा आग्रह घरातून झाला. तो मोडायला अक्कांना दोन महिने लागले आणि ते दोन महिने सत्कारणी लागले.

स्वतःच्या मजुरीचा प्रश्न पुन्हा आला, या वेळी उलट्या बाजूने. धंद्यात मजुरी न धरल्याने तोटा झाकला गेला होता. संस्थेत मात्र ‘मी काहीच घेत नाही’ असं म्हणत रिक्षाभाडं, फोन, खोलीचं भाडं नोंदीशिवाय इकडून तिकडे फिरत राहिलं असतं. पहिल्याच बैठकीचा ठराव असा: अक्कांचा पगार महिना १५ हजार, तो फक्त धंद्यातून, संस्थेकडून मानधन शून्य, प्रवासखर्च तिकीट किंवा सहीच्या व्हाउचरवरच. खोलीचं भाडं संस्था देणार, कारण संध्याकाळी ती संस्था वापरते, पण दर ठरवताना आसपासच्या तीन खोल्यांची भाडी इतिवृत्तात लिहिली आणि अक्का त्या चर्चेत बाहेर बसल्या. संस्थापकाला किंवा त्याच्या नातेवाइकाला संस्थेतून वाजवीपेक्षा जास्त फायदा झाला, तर आयकराची सूट धोक्यात येते. १९६१ च्या कायद्यात हे कलम १३ मध्ये होतं. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाल्याने जुन्या पुस्तकातले कलमांचे क्रमांक आता तसेच्या तसे वापरू नयेत.

धंदा दरवर्षी निव्वळ नफ्याच्या दहा टक्के संस्थेला बँकेतून देतो आणि पावती घेतो. आयकराच्या जुन्या कलम ८०जी खाली या देणगीची वजावट मिळेल असं अक्कांना कुणीतरी सांगितलं होतं. नवी करप्रणाली घेणाऱ्याला ती मिळत नाही, आणि दोन हजारांवरची रोख देणगी तर जुन्या प्रणालीतही चालत नाही. वजावट मिळो न मिळो, दहा टक्के ठरलेले आहेत.

रोजचं शिस्तीचं काम कंटाळवाणं आहे, पण संस्था त्यावरच उभी राहते. खाती दोन, पावतीपुस्तकं दोन, चेकवर तिघांपैकी दोघांच्या सह्या आणि त्या दोघांत एक कामावरची बाई. मार्चअखेरनंतर सहा महिन्यांत लेखापरीक्षण. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज. हा अर्ज राहून जाणं ही सगळीकडे आढळणारी चूक. मग वारलेल्या माणसाचं नाव धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत राहतं आणि बँक नव्या सह्या घेत नाही. ठरावीक कामासाठीच्या देणगीला वहीत वेगळं पान, आणि ते पान ज्वारीच्या हंगामात उघडायचं नाही, हा नियम अक्कांनी स्वतः सुचवला.

सध्या अडलेलं

अक्का तापाने दहा दिवस पडल्या तेव्हा दोन गोष्टी कळल्या. अभ्यासिका आणि शिलाई बिनघोर चालू राहिली. भाकरीचा दर, दुकानाची उधारी आणि ज्वारीवाल्याशी बोली मात्र एकट्या अक्कांच्या डोक्यात होती, म्हणून दोन दुकानांचा माल थांबला. आता आठ वर्षांच्या फंडवाली ती बाई, जिची दहा भरून गेली, रोज संध्याकाळी खर्चाची वही लिहिते आणि अक्का ती फक्त तपासतात.

पुढचा प्रश्न मशिनचा आहे. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत, तिची मुदत उरली असेल तर, पात्र खर्चाच्या ३५ टक्के, एकट्या उद्योगाला जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत अनुदान कर्जाला जोडून मिळतं. अर्ज अक्कांच्या एकटीच्या नावाने केला तर काम लवकर होईल. गटाच्या नावाने केला तर बारा बायांचे कागद गोळा करावे लागतील, कुणाचं जुनं थकीत कर्ज निघेल, वेळ जाईल, पण मशिन सगळ्यांच्या मालकीचं होईल. पीठ मळणं आणि भाकरी दाबणं मशिनवर, भाजणी-वाळवणी हातानेच, एवढं ठरलंय. थापणाऱ्या चौघींच्या मजुरीचा दर मशिन आल्यावर काय राहील, ते ठरल्याशिवाय अर्जावर सही करायची नाही असं गटाने लिहून घेतलं आहे. तो दर काढायला वही पुन्हा पहिल्या पानापासून, शंभर भाकऱ्यांच्या हिशोबापासून उघडली आहे.